विंडोज १० नंतरची संगणक प्रयोगशाळा

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार, हे बऱ्याच आधी जाहीर झालेले होते. त्यामुळे त्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीआधीच आमच्या महाविद्यालयात हा विषय निघाला आणि प्रयोगशाळा, ग्रंथालय व कार्यालय येथील डेस्कटॉप संगणकांवर पुढे काय चालवायचे, हे ठरवण्याचे आणि प्रत्यक्ष बसवण्याचे काम माझ्याकडे आले. सांगली जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी असलेल्या या महाविद्यालयात मी प्रयोगशाळा सहायक आहे. एखाद्या संगणकाला ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकणे’ हे काम आमच्याकडे कोणालाही जमते. मात्र तीच प्रणाली अनेक यंत्रांवर एकाच वेळी बसवणे, ती सर्वांवर सारखी चालवणे आणि तरीही प्रत्येक यंत्राची ओळख वेगळी राखणे हे निराळ्या जातीचे काम आहे.

आमच्याकडे यंत्रांचे ढोबळमानाने तीन थर होते. मुख्य प्रयोगशाळेत दोन वेगवेगळ्या खरेद्यांतले, दहाव्या आणि बाराव्या पिढीच्या इन्टेल आय३ प्रोसेसरचे संगणक. ग्रंथालयात व कार्यालयात सातव्या पिढीचे काही. आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत चौथ्या पिढीचे, चार जीबी मेमरी आणि फिरत्या हार्डडिस्कवर कण्हत चालणारे. विंडोज ११ ला यूईएफआय फर्मवेअर (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारे, मदरबोर्डवरचे सॉफ्टवेअर), सिक्युअर बूटची, म्हणजे मान्य स्वाक्षरी असलेलीच प्रणाली सुरू होऊ देण्याची सोय, किल्ल्या सुरक्षित ठेवणारे टीपीएम २.० आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीत असलेला प्रोसेसर लागतो. इन्टेलच्या बाबतीत ही यादी, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. ही तपासणी चुकवून जुन्या यंत्रावर विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या सर्वांना ठाऊक आहेत आणि सातव्या पिढीच्या यंत्रांवर ते चालतेही. पण अशा यंत्रांना पुढची अद्यतने मिळतीलच याची हमी नसते, आणि परीक्षेच्या तोंडावर एखाद्या मोठ्या अद्यतनाने नकार दिला तर उत्तर प्रयोगशाळा सहायकाला द्यावे लागते. म्हणून ती वाट मी पहिल्याच बैठकीत बंद करून घेतली.

सातव्या पिढीच्या यंत्रांसाठी विस्तारित, म्हणजे मुदतीनंतरही विंडोज १० ला शुल्क भरून मिळणाऱ्या सुरक्षा अद्यतनांचा मार्ग निघाला. शैक्षणिक संस्थांसाठी त्याचे शुल्क प्रत्येक संगणकामागे पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार डॉलर असे ठेवलेले आहे, आणि व्यावसायिक संस्थांना त्याच सोयीसाठी पहिल्याच वर्षी ६१ डॉलर मोजावे लागतात हे पाहता आमच्या लेखापालांनी त्याला हरकत घेतली नाही. त्यासाठी यंत्रावर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असणे मात्र आवश्यक असते. चौथ्या पिढीची यंत्रे लिनक्सवर न्यायची आणि दहाव्या-बाराव्या पिढीच्या यंत्रांवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती बसवायची, असा निर्णय झाला. विंडोजचे काम उन्हाळी सुट्टीत आणि लिनक्सचे दिवाळीच्या सुट्टीत करायचे ठरले.

पाहणीला मी जितका वेळ दिला तितका पुढच्या कोणत्याही टप्प्याला दिला नाही आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये एका खरेदीचे सारे संगणक एकाच ओळीत असतात; एकच मॉडेल, एकच किंमत, एकच बिल. प्रत्यक्षात मात्र हमीच्या काळात त्यांतल्या काहींचे मदरबोर्ड बदललेले होते, काहींचे फर्मवेअर नव्या आवृत्तीचे तर काहींचे खरेदीच्या दिवशीचेच होते. दहाव्या पिढीच्या कित्येक यंत्रांवर पुरवठादाराने विंडोज १० यूईएफआयपूर्वीच्या जुन्या लीगसी पद्धतीने, एमबीआर या जुन्या विभागणीच्या डिस्कवर बसवून दिलेले होते. यंत्र यूईएफआयला पूर्णपणे सक्षम असूनही कोणीतरी सवयीने सीएसएम, म्हणजे लीगसी बूटची सोय, चालू ठेवले होते. टीपीएमचीही तीच कथा. इन्टेलच्या या यंत्रांत टीपीएम वेगळ्या चिपच्या रूपात नसून फर्मवेअरमध्येच असते आणि सेटअपमध्ये त्याची नोंद पीटीटी या नावाने असते. ती बंद असली की विंडोज ११ चे तपासणी साधन ‘हा संगणक चालणार नाही’ असे सांगून मोकळे होते. केवळ या उत्तरावर विसंबून नवे संगणक खरेदी करण्याचा प्रस्ताव तयार झाल्याचे मी दुसऱ्या एका संस्थेत पाहिले आहे. प्रत्येक यंत्रासमोर बसून फर्मवेअरची आवृत्ती, बूटची पद्धत, टीपीएम, डिस्कचा प्रकार, डिस्क नियंत्रकाची स्थिती आणि नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक) अशा नोंदी मी केल्या, आणि यंत्रावर बाकाचा क्रमांक चिकटवला. पुढे अडचण आल्यावर या तक्त्यानेच दिशा दिली.

मूळ नमुना, म्हणजे ज्याची इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) काढून सगळीकडे टाकायची ती प्रणाली, मी प्रत्यक्ष संगणकावर न करता व्हर्च्युअलबॉक्समधील आभासी यंत्रावर तयार केली. त्याची दोन कारणे होती. आभासी यंत्रात कोणत्याही विशिष्ट कंपनीचे ड्रायव्हर मिसळत नाहीत, आणि कोणत्याही टप्प्यावर स्थिती जतन करून ठेवता येते. व्हर्च्युअलबॉक्सच्या सातव्या आवृत्तीपासून आभासी टीपीएमची सोय असल्यामुळे विंडोज ११ तेथे कुरकुर न करता बसते. पहिल्या मांडणीच्या पडद्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबल्या की विंडोज ‘ऑडिट मोड’मध्ये जाते आणि कोणतेही वापरकर्ता खाते न बनवता सर्व सॉफ्टवेअर चढवता येते. येथे एक पथ्य पाळावे लागते, ते म्हणजे आभासी यंत्राला इंटरनेट न देणे. इंटरनेट मिळाले की स्टोअरमधील ॲप पार्श्वभूमीवर स्वतःच अद्ययावत होऊ लागतात आणि ती केवळ त्या एका वापरकर्त्यापुरती नोंदवली जातात. पुढे सिसप्रेप, म्हणजे इमेज काढण्याआधी प्रणाली त्यासाठी तयार करणारे विंडोजचे साधन, चालवताना ते ‘अमुक पॅकेज एका वापरकर्त्यासाठी बसवले आहे, सर्वांसाठी नाही’ असे म्हणून थांबते. पडद्यावर मात्र फक्त एक मोघम संदेश दिसतो. खरे कारण सिसप्रेपच्या फोल्डरातील पँथर या उपफोल्डरात असलेल्या लॉग फाइलच्या तळाशी सापडते. ज्यांना सिसप्रेप लहरी वाटते त्यांतल्या बहुतेकांनी ती फाइल उघडलेली नसते.

२४एच२ आवृत्तीने यात आणखी एक भर घातली आहे. पात्र यंत्रावर ही आवृत्ती नव्याने बसवली की डिस्कचे एन्क्रिप्शन (मजकूर किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करणे) कोणी न सांगता आपोआप सुरू होते. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे हे एन्क्रिप्शन, चालू असलेल्या डिस्कवर सिसप्रेप पुढे जात नाही, आणि इमेज काढणाऱ्या लिनक्सवरील साधनालाही ती डिस्क नीट वाचता येत नाही. म्हणून आभासी यंत्रावर सुरुवातीलाच रजिस्ट्रीत हे स्वयंचलित एन्क्रिप्शन रोखणारी नोंद केली आणि सिसप्रेपच्या आधी ‘मॅनेज-बीडीई’ या आज्ञेने स्थिती पुन्हा तपासली.

सॉफ्टवेअरच्या यादीवर विभागप्रमुखांशी बोलणी झाली. पायथन, जावा, मायएसक्यूएल, टॅली हे अपेक्षितच होते. एका मॅडमना टर्बो सी++ हवेच होते. विंडोज ११ केवळ ६४ बिटी स्वरूपात मिळते आणि ६४ बिटी विंडोजवर जुने १६ बिटी प्रोग्राम चालत नाहीत, त्यामुळे जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्सच्या आत टर्बो सी++ बसवून दिले. त्यासोबत आधुनिक जीसीसी कंपायलरही ठेवला, या आशेने की कोणीतरी तो उघडून पाहील. मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड मूळ वापरकर्ता प्रोफाइलमध्येच घातले, म्हणजे नवा विद्यार्थी प्रवेश करेल तेव्हा भाषापट्टी तयार मिळावी. शेवटी सिसप्रेप ‘जनरलाइझ’ (यंत्राची स्वतःची ओळख पुसणे) आणि ‘ओओबीई’ (पुढच्या वेळी पहिल्या मांडणीपासून सुरू होणे) या पर्यायांसह चालवून यंत्र बंद केले. जनरलाइझ या पर्यायाकडे पुष्कळ जण केवळ एक औपचारिकता म्हणून पाहतात. त्याचे महत्त्व काय, हे पुढे ओघात येईलच.

वितरणासाठी फॉग प्रोजेक्ट हे मुक्त स्रोत साधन निवडले. क्लोनझिलाही मला परिचयाचे आहे आणि चार-पाच यंत्रांसाठी मी आजही तेच वापरेन, परंतु फॉगमध्ये प्रत्येक यंत्राची मॅक पत्त्यावरून नोंद होते आणि इमेज उतरल्यावर त्याला ठरलेले नावही देता येते. एका जुन्या संगणकावर डेबियन बसवून त्याला फॉगचा सर्व्हर केले. प्रयोगशाळेचा स्विच महाविद्यालयाच्या उरलेल्या नेटवर्कपासून तात्पुरता तोडला, कारण एकाच नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोन डीएचसीपी सर्व्हर असले तर कोणत्या यंत्राला कोणाकडून उत्तर मिळेल याचा भरवसा राहत नाही, आणि प्राचार्यांच्या संगणकावर अचानक इमेज उतरवण्याचा मेनू उघडणे कोणालाच परवडणारे नव्हते.

नेटवर्कवरून बूट होताना, ज्याला पीएक्सई म्हणतात, क्रम असा असतो. फर्मवेअर डीएचसीपीकडे पत्ता मागते. उत्तरात पत्त्याबरोबर बूट फाइल कोठे आहे आणि तिचे नाव काय, हे ६६ आणि ६७ या क्रमांकांच्या पर्यायांतून येते. मग ती फाइल टीएफटीपी या साध्या फाइल-वहन पद्धतीने उतरते, तिच्यातून आयपीएक्सई हा नेटवर्कवरून बूट करणारा छोटा प्रोग्राम सुरू होतो आणि तो फॉगचे लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) आणतो. बिघाड शोधताना ही साखळी कोणत्या कडीवर तुटली एवढाच प्रश्न विचारायचा असतो, आणि लीगसी पद्धतीने बूट होणारी यंत्रे त्याचे उत्तर बरेचदा पडद्यावरच देतात. ‘पीएक्सई-ई५१’ म्हणजे डीएचसीपीकडून काहीच उत्तर आले नाही. ‘ई५३’ म्हणजे पत्ता मिळाला, पण फाइलचे नाव मिळाले नाही. ‘ई३२’ म्हणजे नाव मिळाले, पण टीएफटीपी सर्व्हर बोलत नाही, आणि अशा वेळी पहिला संशय फायरवॉलवर घ्यावा. यूईएफआय आणि लीगसी यंत्रांना वेगवेगळ्या बूट फाइल लागतात. सर्वांना एकच फाइल दिली तर अर्धी यंत्रे चालतात आणि अर्धी चालत नाहीत, आणि पाहणाऱ्याला दोष यंत्रात आहे असे वाटते. आम्ही वापरलेल्या आवृत्तीतील आयपीएक्सईवर सिक्युअर बूटला मान्य होणारी स्वाक्षरी नसल्यामुळे इमेज उतरेपर्यंत सिक्युअर बूट बंद ठेवून नंतर ते पुन्हा चालू करावे लागले. हे शेवटचे पाऊल प्रत्येक यंत्रावर हाताने करायचे असते आणि कंटाळवाणे असल्यामुळे तेच राहून जाते; म्हणून तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना केला.

एका ओळीतील यंत्रांना डीएचसीपीचे उत्तर मिळतच नव्हते. केबल ठीक, दिवा लागतो, विंडोज सुरू असताना नेटवर्कही चालते. मात्र पीएक्सईला उत्तर नाही. ही ओळ एका वेगळ्या, व्यवस्थापन करता येणाऱ्या स्विचवर होती आणि त्यावर स्पॅनिंग ट्री, म्हणजे नेटवर्कात माहिती गोल गोल फिरत राहू न देणारी सोय, जुन्या पद्धतीने चालू होते. अशा स्विचवर केबलची जोडणी जिवंत झाल्यावर तो पोर्ट आधी ऐकतो, मग शिकतो आणि प्रत्येकी १५ सेकंदांच्या या दोन अवस्थांनंतरच माहिती पुढे सोडतो. तेवढ्या अर्ध्या मिनिटात यंत्राचे फर्मवेअर विचारून थकलेले असते. विंडोज सुरू व्हायलाच त्याहून अधिक वेळ लागत असल्यामुळे रोजच्या वापरात हा दोष कधी दिसलाच नव्हता. पोर्टफास्ट ही हा थांबा टाळणारी सोय त्या पोर्टांवर चालू करताच सर्व यंत्रे जागी झाली.

प्रत्यक्ष इमेज मल्टिकास्टने, म्हणजे एकाच प्रवाहातून सर्व यंत्रांना एकदम द्यायचे ठरवले होते. त्यात गती ठरते ती सर्वांत मंद यंत्राच्या गतीने, कारण प्रवाह सर्वांना बरोबर घेऊन चालतो. पहिल्या मोठ्या गटात वेग विचित्रपणे कमी होता आणि सर्व्हरवरील आकडे पाहता तो १०० मेगाबिटच्या जवळपास अडकलेला होता, जरी सर्व कार्डे आणि स्विच गिगाबिटचे होते. गिगाबिट इथरनेटला केबलमधील चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एखादी जोडी तुटली तर जोडणी बंद पडत नाही, ती निमूटपणे खालच्या गतीला उतरते, आणि विद्यार्थ्याला ब्राउझरमध्ये त्याचा पत्ताही लागत नाही. हिशेब साधा आहे: २५ जीबीचा मजकूर गिगाबिटने आदर्श स्थितीत साडेतीन मिनिटांच्या आत जातो, १०० मेगाबिटला त्यालाच तेहतीस मिनिटे लागतात. स्विचवरील दिव्यांचे रंग पाहत ओळीने फिरल्यावर एक पोर्ट वेगळ्या रंगाचा आढळला. त्या बाकाखालची केबल खुर्चीच्या पायाखाली दबत आलेली होती. तिचे टोक कापून नवा कनेक्टर क्रिंप केला तरी फरक पडला नाही, म्हणून केबलच बदलली.

विजेचीही व्यवस्था करावी लागली. इमेज उतरत असताना वीज गेली तर ते यंत्र अर्धवट राहते, एवढेच. पुन्हा उतरवता येते. सर्व्हर मात्र यूपीएसवर घेतला होता. महावितरणपेक्षा मला काळजी होती ती आमच्या परिचर मामांची, कारण महाविद्यालय सुटले की प्रयोगशाळेचा मेन स्विच बंद करायचा ही त्यांची वर्षानुवर्षांची शिस्त आहे आणि ती शिस्त चुकीचीही नाही. ‘मामा, काम चालू आहे, मेन बंद करू नका’ असे मोठ्या अक्षरांत लिहून कागद बोर्डावर चिकटवला, आणि मामांनी तो शेवटपर्यंत काटेकोरपणे पाळला. इतका की काम संपल्यावरही, मी तो कागद स्वतः काढेपर्यंत त्यांनी स्विचला हात लावला नाही.

पण या मेन स्विचमुळेच एक दोष उघडकीस आला, जो सुट्टी संपेपर्यंत लपून राहिला होता. महाविद्यालय सुरू होऊन मेन पुन्हा रोज बंद होऊ लागल्यावर दहाव्या पिढीची काही यंत्रे सकाळी ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असे म्हणू लागली. एकदा दुरुस्त केलेले यंत्र त्या दिवशी चाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अडे. विंडोज बिघडलेले नव्हते, डिस्कही ठीक होती. मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा सेल संपलेला असला की मुख्य वीज पूर्ण तुटताच फर्मवेअरमधील मांडणी मूळ स्थितीला जाते. या बोर्डांवर मूळ स्थिती म्हणजे लीगसी बूट चालू आणि पीटीटी बंद. त्यांवर आता जीपीटी या नव्या विभागणीची, केवळ यूईएफआयने बूट होणारी डिस्क असल्यामुळे यंत्राला तीत बूट होण्याजोगे काही दिसत नसे. पूर्वीच्या विंडोज १० च्या काळातही हे सेल मेलेलेच होते, पण तेव्हाची लीगसी मांडणी आणि फर्मवेअरची मूळ स्थिती योगायोगाने एकच असल्यामुळे कोणाला कळले नाही. खूण एकच होती: अशा यंत्रांचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असे. घड्याळ मागे गेले की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि विंडोजचे सक्रियीकरणही अडते, त्यामुळे इंटरनेट चालत नाही, ॲक्टिव्हेशन गेले अशा वेगवेगळ्या भासणाऱ्या तक्रारी एकाच सेलपाशी येऊन थांबल्या. सर्व यंत्रांचे सेल सरसकट बदलले आणि फर्मवेअरची मांडणी पुन्हा लावली.

बाराव्या पिढीच्या यंत्रांचा त्रास वेगळा होता. त्यांतील काहींवर इमेज व्यवस्थित उतरली आणि पहिल्याच बूटला ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा संदेश असलेला निळा पडदा आला, तर शेजारचे तेच मॉडेल बिनतक्रार चालू झाले. तक्त्यात पाहिले तेव्हा फरक डिस्क नियंत्रकाच्या रकान्यात होता. अडलेल्या यंत्रांवर इन्टेलची व्हीएमडी ही सोय चालू होती. ती चालू असली की एनव्हीएमई डिस्क थेट न दिसता व्हीएमडीच्या आडून दिसते आणि तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी विंडोजला वेगळा ड्रायव्हर लागतो, जो आमच्या आभासी यंत्रावर बनलेल्या इमेजमध्ये असण्याचे कारणच नव्हते. फॉगच्या लिनक्स कर्नलमध्ये तो असल्यामुळे डिस्कवर लिहिणे जमले, वाचणे मात्र विंडोजला जमेना. एकाच डिस्कच्या यंत्रात व्हीएमडीचा उपयोग नसतो, म्हणून ते बंद केले. ज्यांना बसवलेले विंडोज तसेच ठेवून ही मांडणी बदलायची असेल त्यांनी आधी ‘बीसीडीएडिट’ने विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असे करावे, मग फर्मवेअरमधील बदल करावा, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन यावे आणि नंतर ती नोंद काढावी. सेफ मोडमध्ये विंडोज आवश्यक तो मूळ ड्रायव्हर पुन्हा कामाला लावते आणि निळा पडदा टळतो.

आता जनरलाइझकडे. आमच्याकडे व्हॉल्यूम परवाना आहे आणि सक्रियीकरण केएमएस, म्हणजे संस्थेतली विंडोज यंत्रे सक्रिय करणाऱ्या सर्व्हरमार्फत होते. विंडोजच्या किमान २५ वेगळ्या यंत्रांनी संपर्क केल्याशिवाय हा सर्व्हर कोणालाच सक्रिय करत नाही, आणि यंत्रे वेगळी आहेत की नाही हे तो त्यांच्या नावावरून न ठरवता प्रत्येक यंत्राच्या सीएमआयडी या ओळखक्रमांकावरून ठरवतो. जनरलाइझ न करता इमेज टाकली तर सर्व यंत्रांचा हा क्रमांक एकच राहतो. चाळीस यंत्रे चालू असली तरी सर्व्हरची मोजणी एकावरच अडून बसते. ‘एसएलएमजीआर’ या आज्ञेने सर्व्हरवरील मोजणी आणि यंत्रावरील क्रमांक दोन्ही पाहता येतात, आणि आमची मोजणी २५ च्या पुढे गेलेली पाहून मला खात्री पटली की इमेज योग्य रीतीने बनली आहे.

याची दुसरी बाजू पावसाळ्यानंतर समोर आली. वाणिज्य विभागाने काही महिने आधी स्वतंत्रपणे घेतलेले संगणक पुरवठादाराने विंडोज ११ टाकूनच दिले होते. सप्टेंबरच्या अद्यतनांनंतर त्यांपैकी एका यंत्रावरून दुसऱ्यावरचे सामायिक फोल्डर उघडेना. पासवर्ड बरोबर असूनही तो पुनःपुन्हा विचारला जाई. ती यंत्रे सिसप्रेपशिवाय एकमेकांची नक्कल करून बनवलेली असल्यामुळे सर्वांचा सुरक्षा ओळखक्रमांक, म्हणजे एसआयडी, एकच होता. या बाबतीत जुन्या मंडळींच्या मनात एक समज पक्का आहे आणि त्याला आधारही आहे: मायक्रोसॉफ्टचे मार्क रुसिनोविच यांनी २००९ मध्ये यंत्रांचे एसआयडी सारखे असल्याने व्यवहारात काही बिघडत नाही असे सविस्तर लिहून, ते बदलण्याचे आपले न्यूएसआयडी हे साधनच निवृत्त केले होते. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासून विंडोज ११ च्या २४एच२ व २५एच२ आणि विंडोज सर्व्हर २०२५ यांसाठी आलेल्या अद्यतनांत मात्र एसआयडीची तपासणी कडक झाली आणि सारखे क्रमांक असलेल्या यंत्रांमधील केर्बेरॉस व एनटीएलएम या विंडोजच्या दोन पद्धतींनी होणारे प्रमाणीकरण अयशस्वी होऊ लागले. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ६१६७ क्रमांकाची नोंद दिसली, यंत्राच्या ओळखीत अंशतः विसंगती आहे अशा अर्थाची. यावर पक्का उपाय एकच, ती यंत्रे योग्य रीतीने तयार केलेल्या इमेजवरून पुन्हा उभी करणे. पुरवठादाराने फोनवर ‘फायरवॉल बंद करून पाहा सर’ असे सुचवले. मी ती यंत्रे आमच्या फॉगवर नोंदवली.

दिवाळीच्या सुट्टीतले लिनक्सचे काम तुलनेने शांतपणे झाले. चौथ्या पिढीच्या यंत्रांत साधी साटा एसएसडी आणि वाढीव मेमरी घातली, आणि एवढ्या खर्चात त्यांना जी चपळाई आली ती पाहून विद्यार्थ्यांना ती नवी यंत्रे वाटली. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले डेबियन १३ आणि त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप अशी निवड केली. येथे इमेज न टाकता प्रीसीड फाइल वापरली, म्हणजे प्रत्येक यंत्रावर प्रणाली नव्याने बसते आणि प्रश्नांची उत्तरे फाइलमधून मिळतात. नक्कल नसल्यामुळे मशीन-आयडी आणि एसएसएचच्या (यंत्रात दुरून प्रवेश करण्याच्या) किल्ल्या प्रत्येक यंत्रावर आपोआप वेगळ्या तयार होतात. ओळखींचा सगळा गोंधळ मुळातच टळतो. माझे प्रामाणिक मत असे आहे की लिनक्ससाठी क्लोनिंगच्या वाटेला जाऊच नये.

एका जुन्या मॉडेलवर मात्र बसवणे पूर्ण होऊनही यंत्र बूट होईना. त्याचे फर्मवेअर नवी बूट नोंद लक्षात ठेवत नव्हते. ईएफआय विभागातील ठरावीक जागेची, ‘बूटएक्स६४’ नावाची फाइलच ते शोधत असे. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम, या जागीही टाकण्याचा पर्याय आहे, तो प्रीसीडमध्ये घातल्यावर प्रश्न मिटला. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी मुख्य प्रयोगशाळेतील एक ओळ दोन्ही प्रणालींची केली. तेथे लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास चुकते, कारण लिनक्स मदरबोर्डवरील घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते आणि विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजते. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितले. विंडोजचे फास्ट स्टार्टअपही बंद केले, नाहीतर बंद केलेले विंडोज प्रत्यक्षात अर्धवट झोपलेले असते आणि त्याच्या विभागावर लिनक्सला लिहिता येत नाही.

कार्यालयातील संगणकांना आम्ही हात लावलेला नाही. तेथे जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत टाइप केलेली अनेक वर्षांची पत्रे आणि इतिवृत्ते आहेत, तो फॉन्ट चालवणारे सॉफ्टवेअर डोंगलवर (संगणकाला जोडायच्या परवान्याच्या किल्लीवर) आहे आणि डोंगलचा ड्रायव्हर विंडोज ११ वर चालल्याचे मी अजून पाहिलेले नाही. विस्तारित अद्यतनांचे तिसरे वर्ष ऑक्टोबर २०२८ मध्ये संपते. तोपर्यंत तो मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम कार्यालय अधीक्षकांनी मान्य केले आहे आणि पहिल्या कपाटातील फायलींपासून ते सुरूही झाले आहे. माझ्या तक्त्यात सध्या नवा रकाना आहे तो सिक्युअर बूटच्या प्रमाणपत्रांचा. २०११ सालच्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते, २०२३ ची प्रमाणपत्रे विंडोजच्या अद्यतनांतून येत आहेत, आणि काही यंत्रांना त्याआधी फर्मवेअरची नवी आवृत्ती लागते. दहाव्या पिढीच्या ज्या यंत्रांचे मदरबोर्ड हमीत बदलले गेले होते, त्यांपासून मी सुरुवात केली आहे.